ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर

ज्या घरात पंचांग नाही, असे मराठी घर विरळाच. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून दूर गेलेल्या कुटुंबांनीही देवघर, पोथ्या आणि पंचांग या तीन गोष्टी आपल्याबरोबर नेल्या. भोपाळ राजधानी झाल्यानंतर टी. टी. नगरच्या सरकारी वसाहतींत जी मराठी बिऱ्हाडे आली, त्यांच्या भिंतींवरही दरवर्षी नवे पंचांग किंवा दिनदर्शिका लागत राहिली. त्या पानांवरील तिथी, नक्षत्रे, संक्रांती आणि ग्रहणांच्या वेळा आपण निःशंकपणे स्वीकारतो. मात्र हे आकडे आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळावेत म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही मराठी विद्वानांनी आयुष्ये वेचली, याची जाणीव फारशी नसते. त्या विद्वानांत व्यंकटेश बापूजी केतकर यांचे स्थान फार वरचे आहे. पंचांगाच्या शुद्धीसाठी झटणाऱ्या याच पुरुषाने सूर्यमालेच्या अज्ञात सीमेपलीकडे असलेल्या ग्रहांचा गणिताने वेध घेण्याचे साहस केले होते. त्या साहसाचे नेमके मोल काय, हे त्यांच्या निधनानंतर अनेक दशकांनी, अन्य ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा शोध लागू लागला तेव्हा, अधिक स्पष्ट झाले.

केतकरांचा जन्म १८५४ च्या जानेवारी महिन्यात नरगुंद येथे झाला. आज कर्नाटकात असलेले हे गाव त्या वेळी भावे घराण्याच्या छोट्या मराठी संस्थानाची राजधानी होते. केतकर अवघे चार वर्षांचे असताना, १८५८ साली, नरगुंदचे अधिपती भास्करराव तथा बाबासाहेब भावे यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. तो उठाव मोडला गेला, बाबासाहेबांना बेळगाव येथे फाशी देण्यात आले आणि संस्थान खालसा झाले. राजाश्रयावर जगणाऱ्या विद्येचे दिवस सरत चालले होते. केतकरांचे वडील बापूशास्त्री हे ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते. त्यामुळे सिद्धान्तग्रंथांची ओळख मुलाला घरातच झाली. इंग्रजी शाळेने त्याला युरोपीय गणिताचे दार उघडून दिले. या दोन परंपरांचा संगम हेच केतकरांच्या पुढील आयुष्याचे मुख्य सूत्र ठरले.

वयाच्या विसाव्या वर्षी, १८७४ साली, ते मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे बागलकोट येथील इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी सांभाळले. सरकारी शाळेतील मास्तरकी, बदल्या आणि तुटपुंजे वेतन यांतून वेळ काढून त्यांनी गणिताचा व्यासंग केला. त्यांच्या हाताशी वेधशाळा नव्हती आणि मोठे दूरदर्शक नव्हते. ग्रंथ, कागद, कोष्टके आणि चिकाटी एवढ्याच साधनसामग्रीवर त्यांचे सारे कार्य उभे राहिले.

त्या काळी महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव या ग्रंथावरून तयार होत असत. १५२० च्या सुमारास रचला गेलेला हा ग्रंथ त्याच्या काळी अतिशय सोयीचा होता. पण साडेतीनशे वर्षांत त्यावरून काढलेले ग्रह आणि प्रत्यक्ष आकाशातील ग्रह यांच्यात अंतर पडले होते. सूर्यसिद्धान्तातील वर्षमान वास्तविक नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. एका वर्षात ही चूक जाणवत नाही. मात्र चौदाशे वर्षांत ती तीन दिवसांहून अधिक होते. तिथींचेही तसेच होते. तिथी फार तर पाच घटिकांनी वाढते आणि सहा घटिकांनी घटते, असा जुना नियम होता. प्रत्यक्षात चंद्राच्या गतीनुसार तिथी पन्नास घटिकांपासून जवळजवळ सदुसष्ट घटिकांपर्यंत कमी-जास्त होऊ शकते. म्हणजे ज्या क्षणी धर्मकृत्य व्हावे असे शास्त्र सांगते, तो क्षण पंचांगात वेगळा आणि आकाशात वेगळा, अशी स्थिती झाली होती.

ही विसंगती दूर करण्याचा पहिला मोठा प्रयत्न केरो लक्ष्मण छत्रे यांनी केला. त्यांची ग्रहसाधनाची कोष्टके १८६० साली प्रसिद्ध झाली आणि काही वर्षांतच पटवर्धनी पंचांग सुरू झाले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पक्ष मांडला. यांपैकी लेले यांचा ग्वाल्हेरशी निकटचा संबंध होता, ही गोष्ट मध्य प्रदेशातील वाचकांना विशेष वाटावी. अशा या मंथनाच्या काळात केतकरांनी आपला ज्योतिर्गणित हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आधुनिक युरोपीय ज्योतिषाने निश्चित केलेली ग्रहगती भारतीय करणग्रंथांच्या पद्धतीने, संस्कृत श्लोकांत आणि सुलभ कोष्टकांत बसवणे, हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय. परंपरेने शिकलेल्या ज्योतिषाला आपली भाषा आणि रीत न सोडता शुद्ध गणित करता यावे, हा त्यामागील हेतू होता. केतकी ग्रहगणित आणि वैजयंती हे त्यांचे पुढील ग्रंथ याच वाटेवरचे आहेत. नक्षत्रविज्ञान या मराठी ग्रंथात त्यांनी ताऱ्यांची माहिती मराठी वाचकांसाठी एकत्र केली. मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने १९२३ साली त्यांचा भारतीय व परदेशी कालगणनांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला.

गणित शुद्ध झाले तरी एक प्रश्न उरत होता. राशिचक्राचा आरंभ नेमका कोठून मानावा? संपातबिंदू दरवर्षी सुमारे पन्नास विकलांनी, म्हणजे बहात्तर वर्षांत एका अंशाने, मागे सरकतो. त्यामुळे निरयन गणनेसाठी आकाशातील एखादा स्थिर आरंभबिंदू ठरवणे भाग असते. एका पक्षाने रेवती नक्षत्रातील योगतारा प्रमाण मानली. लोकमान्य टिळकांचे वजन या पक्षाच्या पारड्यात होते. दुसऱ्या पक्षाने चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू आरंभ मानला, आणि या पक्षाचे अग्रणी म्हणून केतकर ओळखले जाऊ लागले. दोन्ही मतांत सुमारे चार अंशांचे अंतर असल्याने संक्रांती चार दिवसांनी पुढे-मागे होत आणि क्वचित अधिक मासही वेगळा येई. टिळकांसारख्या लोकनायकाच्या मताविरुद्ध एका निवृत्तीकडे झुकलेल्या शाळामास्तराने ठाम उभे राहणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. वाद दीर्घकाळ चालला. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ साली आपला अहवाल दिला, तेव्हा निरयन गणनेसाठी चित्रापक्षच स्वीकारला गेला. याच समितीने राष्ट्रीय पंचांगाच्या मध्यवर्ती स्थानासाठी उज्जयिनीचे अक्षांश घेतले आणि उज्जैनचे रा. वि. वैद्य हे समितीचे एक सदस्य होते. आज प्रचलित असलेली बहुतेक मराठी पंचांगे चित्रापक्षीय आहेत.

या सर्व कार्यामागे केतकरांची एकच निष्ठा दिसते. गणित कितीही जुने, पूज्य अथवा सुंदर असो, त्याला आकाशाची साक्ष मिळाली पाहिजे. आपल्या प्राचीन ज्योतिषांनी यालाच दृक्प्रत्यय म्हटले आहे. ही कसोटी ध्यानात ठेवूनच केतकरांच्या सर्वांत धाडसी प्रयत्नाकडे पाहिले पाहिजे.

केतकरांच्या जन्माच्या आठच वर्षे आधी, १८४६ साली, वरुण म्हणजे नेपच्यून हा ग्रह सापडला होता. प्रजापती म्हणजे युरेनस या ग्रहाच्या गतीतील अनियमितपणावरून फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी अज्ञात ग्रहाचे स्थान गणिताने काढले आणि बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना तो त्या स्थानाजवळच दिसला. त्यानंतर वरुणाच्याही पलीकडे ग्रह असावा, या कल्पनेने अनेकांना झपाटले. अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी आपल्या वेधशाळेची शक्ती या शोधाला लावली. केतकरांनी मात्र वेगळा मार्ग धरला.

गुरूच्या चार मोठ्या उपग्रहांपैकी आतले तीन, आयो, युरोपा आणि गॅनिमीड, यांच्या गतींत एक विलक्षण नाते आहे. त्यांचे प्रदक्षिणाकाळ अनुक्रमे सुमारे १.७७, ३.५५ आणि ७.१५ दिवस, म्हणजे जवळजवळ एकास दोनास चार या प्रमाणात आहेत. त्याहूनही सूक्ष्म गोष्ट अशी की, आयो आणि युरोपा यांच्या दैनंदिन गतीतील अंतर हे युरोपा आणि गॅनिमीड यांच्या गतीतील अंतराच्या बरोबर दुप्पट असते. पहिले अंतर १०२.११ अंश, तर दुसरे ५१.०६ अंश. हे नाते केवळ योगायोगाचे नसून परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने टिकून राहते, हे फ्रेंच गणिती लाप्लास यांनी सिद्ध केले होते. या नात्यामुळे हे तिन्ही उपग्रह गुरूच्या एकाच बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत.

उपग्रहांच्या कुटुंबात जो नियम दिसतो, तसाच ग्रहांच्या कुटुंबातही का नसावा, असा केतकरांचा विचार होता. प्रजापती आणि वरुण यांच्या गती ज्ञात होत्या. लाप्लासच्या नियमासारखे नाते त्यांच्यापलीकडेही चालू आहे, असे मानून त्यांनी दोन अज्ञात ग्रहांची कल्पना मांडली आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. हा लेख मे १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिर्विज्ञान संस्थेच्या मुखपत्रात प्रसिद्ध झाला. ज्यांनी अन्य ग्रहांवरील वस्तीच्या कल्पनेवर ग्रंथ लिहून युरोपभर कुतूहल जागवले, ते कामीय फ्लामारियाँ या संस्थेचे संस्थापक होते. ब्रह्मा या ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षे असावा, असे केतकरांचे गणित होते. हा काळ घेऊन हिशेब केला, तर प्रजापती आणि वरुण यांच्या वार्षिक गतीतील अंतर सुमारे २.१० अंश, तर वरुण आणि ब्रह्मा यांच्या गतीतील अंतर सुमारे ०.७० अंश येते. म्हणजे पहिले दुसऱ्याच्या तिप्पट. गुरूच्या उपग्रहांत जेथे दोन हा अंक आहे, तेथे येथे तीन येतो.

पुढे १८ फेब्रुवारी १९३० रोजी लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबाघ या तरुणाला छायाचित्रांच्या काचा ताडून पाहताना एक सरकता ठिपका आढळला. १३ मार्च रोजी नव्या ग्रहाची घोषणा झाली आणि त्याला प्लूटो हे नाव मिळाले. त्याचे सरासरी अंतर ३९.४८ पट आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे २४८ वर्षे ठरला. केतकरांच्या अंतरात दीड टक्क्याहून कमी आणि काळात अडीच टक्क्यांच्या आसपास फरक होता. या घोषणेनंतर पाच महिन्यांच्या आतच, ३ ऑगस्ट १९३० रोजी, विजापूर येथे केतकरांचे निधन झाले. पंचांगाची त्यांची परंपरा त्यांच्या चिरंजीवांनी पुढे चालवली.

प्लूटोचा खरा शोध केतकरांनीच लावला, असे अभिमानाने सांगण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. परंतु ज्यांनी आयुष्यभर आकाशाची साक्ष मागितली, त्यांच्या बाबतीत तरी हा मोह आवरला पाहिजे. केतकरांनी अंतर आणि काळ दिला. ग्रह आकाशाच्या कोणत्या भागात शोधावा, हे सांगितले नाही. त्यामुळे त्यांच्या गणितावरून दूरदर्शक रोखणे कोणालाही शक्य नव्हते. प्रजापती आणि वरुण यांचे काळ साधारण एकास दोन या प्रमाणाजवळ असले, तरी ते दोघे गुरूच्या उपग्रहांसारखे एकमेकांशी जखडलेले नाहीत. विष्णू हा दुसरा ग्रह सापडलाच नाही. प्लूटोचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे एक षष्ठांशच असल्याचे १९७८ साली त्याचा उपग्रह शॅरन सापडल्यावर कळले, आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने त्याची गणना बटुग्रहांत केली. लॉवेल यांचे गणितही याच कसोटीवर उतरले नाही, कारण इतका हलका ग्रह मोठ्या ग्रहांना विचलित करू शकत नाही. तेव्हा दोघांचेही आकडे प्लूटोच्या जवळ पोचले, ते बहुतांशी योगायोगाने, असेच म्हणावे लागते.

मग त्या लेखाचे महत्त्व काय उरले? त्याचे उत्तर ग्रहांच्या जन्मकथेत आहे. तरुण ताऱ्याभोवती वायू आणि धूळ यांची फिरती तबकडी असते. धुळीचे कण एकमेकांना चिकटून खडे, खड्यांचे पिंड आणि पिंडांचे ग्रह बनतात. हे ग्रह जन्मस्थानीच राहतात, असे पूर्वी मानले जाई. आता आपल्याला ठाऊक आहे की ते आत-बाहेर सरकतात. सरकताना दोन ग्रहांच्या काळांत दोनास तीन किंवा एकास दोन असे सोपे प्रमाण आले, की त्यांचे परस्पर आकर्षण ठराविक वेळी पुन्हा पुन्हा पडते आणि ते त्या प्रमाणात अडकून जातात. अशा बंधनाला अनुनाद म्हणतात. प्लूटो वरुणाशी अशाच बंधनाने बांधलेला आहे; वरुणाच्या तीन प्रदक्षिणा होतात तेव्हा प्लूटोच्या दोन होतात. म्हणूनच १९७९ ते १९९९ या काळात प्लूटो वरुणाच्या कक्षेच्या आत असूनही दोघांची टक्कर संभवत नव्हती. वरुण प्राचीन काळी बाहेरच्या बाजूला सरकत गेला आणि त्याने प्लूटोला या बंधनात ओढले, असे स्पष्टीकरण भारतीय वंशाच्या रेणू मल्होत्रा यांनी १९९३ साली मांडले. केतकरांना अभिप्रेत असलेले तिहेरी नाते येथे नव्हते. पण सूर्यमालेच्या सीमेवरील ग्रहाची कक्षा गतींच्या सोप्या प्रमाणाने बांधलेली असते, ही त्यांची मूळ धारणा अगदीच निराधार नव्हती.

याहून मोठा पुरावा परक्या सूर्यांभोवती मिळाला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ साली सापडला. २०२५ साली अशा ज्ञात ग्रहांची संख्या सहा हजारांच्या पलीकडे गेली. त्यांतील एक कुटुंब सुमारे चाळीस प्रकाशवर्षांवरील ट्रॅपिस्ट-१ या मंद, तांबूस ताऱ्याचे आहे. पृथ्वीएवढ्या आकाराचे सात ग्रह त्याच्याभोवती फिरतात, आणि त्यांपैकी तीन ग्रह पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा पट्ट्यात येतात. सातवा ग्रह सुरुवातीला ताऱ्यासमोरून एकदाच जाताना दिसला होता. त्यामुळे त्याचा प्रदक्षिणाकाळ कळत नव्हता. आतल्या सहा ग्रहांच्या गतींत लाप्लासच्या नियमासारखी तिहेरी नाती आढळली होती. तेच नाते सातव्यालाही लागू आहे असे मानून संशोधकांनी त्याचे संभाव्य काळ गणिताने काढले. पुढे केप्लर दुर्बिणीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांपैकीच एक, १८.७७ दिवसांचा काळ, खरा ठरला. २०२३ साली सुमारे शंभर प्रकाशवर्षांवरील एका ताऱ्याच्या सहा ग्रहांबाबतही हीच युक्ती सफल झाली.

ज्ञात ग्रहांच्या गतींतील तिहेरी नात्यावरून पुढच्या ग्रहाचा काळ सांगणे, हीच रीत केतकरांनी १९११ साली योजली होती. आधुनिक संशोधकांनी केतकरांचा लेख पाहून ती घेतली, असे मानण्यास आधार नाही. शिवाय एक महत्त्वाचा फरक ध्यानात घेतला पाहिजे. ट्रॅपिस्टच्या ग्रहांतील बंधन आधी मोजले गेले होते. केतकरांना ते प्रजापती आणि वरुण यांच्यात गृहीत धरावे लागले, आणि आपल्या सूर्यमालेने तेथे त्यांना साथ दिली नाही. ज्या कुटुंबांत जन्मकाळची बंधने अद्याप अभंग आहेत, तेथे मात्र त्यांची रीत तंतोतंत लागू पडते. बहुतेक ग्रहमालांतील अशी बंधने कालांतराने तुटतात. म्हणून जेथे ती टिकली आहेत, तेथे ग्रह कसे जन्मले आणि कसे सरकले याचा इतिहासच वाचता येतो. तेथील ग्रह वस्तीयोग्य आहेत किंवा नाहीत, हा पुढचा प्रश्न. ट्रॅपिस्टच्या सर्वांत आतल्या दोन ग्रहांवर दाट वातावरण असल्याची चिन्हे २०२३ सालच्या निरीक्षणांत मिळाली नाहीत.

बागलकोट-विजापूरच्या परिसरात, वेधशाळेविना, पंचांगाची कोष्टके जुळवता जुळवता एका मराठी शिक्षकाने सूर्यमालेच्या पलीकडच्या अंधारात डोकावून पाहिले. त्यांचा ब्रह्मा हा ग्रह त्यांनी कल्पिलेल्या रूपात आकाशात नाही. त्यांनी पुरस्कारलेली चित्रापक्षाची गणना मात्र घरोघरच्या पंचांगांत स्थिर झाली आहे, आणि त्यांनी योजलेली गणिताची रीत परक्या सूर्यांच्या ग्रहांवर खरी ठरली आहे. आकाशाने त्यांचे जेवढे मान्य केले तेवढेच त्यांच्या पदरी टाकावे, हा न्याय केतकरांच्या स्वतःच्या शिकवणीला धरून आहे. त्या न्यायाने पाहिले तरी त्यांच्या पदरी पडणारे दान थोडे नाही.